आइस्क्रीमवाल्याचा नियम

“एवढीशी ती डबी, तिच्यात अख्खा संसार कोंबायचा,” स्क्रू पिळता पिळता जाऊबाई पुटपुटल्या. मी खेटूनच बसले होते, म्हणून ऐकू आलं. थोरल्या दिरांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी ते कौतुकच समजलं असतं.

आमची डबी फ्रिजला चिकटते, आतलं तापमान नोंदवते आणि फार वाढलं की किंचाळते. तिच्यात दिरांनी लिहिलेला चिमुकला डेटाबेस, म्हणजे एकच फाइल. इतकी वर्षं बिनबोभाट चालला. मग कुठल्याशा परिषदेत कुणीतरी त्याला ‘खेळणं’ म्हणालं आणि दिरांचं बिनसलं. मोठ्या डेटाबेसांत स्टोअर्ड प्रोसिजर, डेटाबेसातच साठवलेले छोटे प्रोग्रॅम, असतात, तर आपल्यातही हव्यात. म्हणजे डबीनं कधी ओरडायचं हा नियम प्रोग्रॅममधून उचलायचा आणि नोंदींच्याच फाइलीत नेऊन ठेवायचा. बेडकीला बैल व्हायचं होतं, आणि आम्ही दोघी माना डोलवत बसलो.

आज दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई नव्या डब्या न्यायला आल्या होत्या, वासरांच्या लसींच्या फ्रिजसाठी. त्या बाहेर बसल्या होत्या. देण्याआधी एक डबी मी वाफाळत्या किटलीपाशी धरली. गप्प. दुसरी धरली. तिनंही मौनव्रत घेतलेलं.

दीर म्हणाले, बॅटरी असेल. मग म्हणाले, तुला धरताच येत नाही. शेवटी उपकार केल्यासारखी त्यांनी फाइल उघडली आणि बघतच राहिले. नवी डबी तयार करायची आमची रीत सोपी: जुन्या डबीची फाइल कॉपी करायची आणि नोंदी पुसायच्या. नोंदी पुसल्या होत्या, पण आता फाइलीत नियमही मुक्कामाला होता. जुनी डबी आइस्क्रीमवाल्याची. दुपारी त्याचं दार सारखं उघडतं, म्हणून दुपारभर ओरडायचं नाही, असा त्याचा नियम. उद्या भर दुपारी फ्रिज बंद पडून लसी नासल्या असत्या, तरी डबीनं हूं की चूं केलं नसतं.

दिरांचा तोरा तसाच. प्रोसिजर तपासणारी आणखी एक प्रोसिजर लिहून टाकतो म्हणाले, बाईंना आज डब्या नेऊ देत. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

जाऊबाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. नवऱ्याच्या कॉलरवरचा धागा उचलला.

“अहो, हे कुठल्याच गिऱ्हाइकानं मागितलं नव्हतं. तो माणूस खेळणं म्हणाला ते तुम्हाला लागलं, एवढंच. काढून टाका.”