टाचणीने वाचलेली कार्डं

कल्पना कर, तू एका लाकडी पेटीवर बसून आहेस. पेटी उंच आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत. समोर अर्धं वर्तुळ करून दहा-बारा मोठी माणसं बसली आहेत आणि त्या सगळ्यांची तोंडं रंगवलेली आहेत. नुकताच नाटकाचा पडदा पडलाय. तुझ्या मांडीवर कार्डांचा गठ्ठा आहे आणि ही सगळी मोठी माणसं शाळेत निकालाच्या दिवशी मुलं बघतात तशी तुझ्या तोंडाकडे बघतायत. तू जे वाचशील ते त्यांना ऐकून घ्यावं लागणार आहे.

बसलं चित्र डोळ्यांपुढे? आता त्या पेटीवरून तू खाली उतर आणि तिथे एका दहा वर्षांच्या मुलीला बसव. तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर ती बारीक होती, दुसरं म्हणजे ती आपल्या मावशीकडे राहायची आणि मावशी शिवणकाम करायची. आणि तिसरं कारण पुढे तुझं तुलाच कळेल.

मावशीचं दुकान म्हणजे एकच खोली. दोन मशिनं, एक मोठं टेबल, भिंतीला टांगलेले कागदी नमुने. मावशीच्या गळ्यात मोजपट्टी आणि ओठांत टाचण्या. त्यामुळे ती अर्धं बोलणं नाकातून बोलायची. नाटक मंडळाचे सगळे कपडे तीच शिवायची. आणि त्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, मावशीला काम मिळालं होतं. कपड्यांचं नाही, नाटकातलं.

नाटक होतं एका म्हाताऱ्या न्यायाधीशाचं. त्याच्यासमोर त्याच्या स्वतःच्याच भावावर खटला चालतो. मावशी त्यात साक्षीदार होती, माळ्याची विधवा. एकच प्रवेश, आठ मिनिटं. पण त्या आठ मिनिटांसाठी मावशी तीन महिने काजं करताना, गुंड्या लावताना तीच वाक्यं पुटपुटत होती. एकदा एका गिऱ्हाइकाच्या विजारीचं माप घेता घेता ती म्हणाली, "साहेब, त्या दिवशी मी दार उघडलं नाही, हा माझा गुन्हा." गिऱ्हाईक दचकून म्हणालं, "अहो बाई, मी विजार टाकायला आलोय!"

न्यायाधीशाचं काम करायचे दातांचे डॉक्टर. गेली अकरा वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकात मुख्य काम त्यांचंच. माणूस रुबाबदार, आवाज खणखणीत. म्हातारा दिसावा म्हणून ते कानशिलांवरच्या केसांना एक चंदेरी मलम चोळत. त्याची डबी ते स्वतःच्या मेकअपच्या डब्यात ठेवत, कुणाला हात लावू देत नसत.

नाटक बसवत होत्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाई. सगळे त्यांना नुसतं 'बाई'च म्हणत. बाईंचा एक नियम होता. नाटक बघायला येणाऱ्या प्रत्येकाला दारात एक कोरं कार्ड द्यायचं. जे वाटलं ते लिहून जाताना लाकडी पेटीत टाकायचं, नाव लिहायचं नाही. मग रंग उतरवायच्या आधी, आहे त्या तोंडाने, सगळ्यांनी रंगमंचावर बसायचं आणि सर्वांत लहान माणसाने त्याच पेटीवर बसून कार्डं वाचायची. कार्ड दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. गाव छोटं, एकमेकांची अक्षरं ओळखीची, उगाच वैर नको.

"मोठी माणसं वाचताना साखर घालतात," बाई म्हणायच्या. "आपलं आलं की खोकतात, दुसऱ्याचं आलं की घसा मोकळा होतो. मूल काय, जे लिहिलंय तेच वाचतं."

त्या वर्षी सर्वांत लहान टाचणी होती. ही कार्डंसुद्धा तिनेच मेकअपच्या खोलीतल्या टेबलावर बसून कापली होती. उरलेली कोरी तिथेच रचून ठेवली होती.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी झाला. टाचणी विंगेत उभी होती. मावशी साक्षीला उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला सभागृह असं शांत झालं, की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. मागे उंच खुर्चीत न्यायाधीश बसले होते. मधेच ते खोकले. मग हातोडा सरळ केला, चष्मा काढून पुसला. एकाही प्रेक्षकाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. टाचणीने मात्र पाहिलं.

नंतर ती पेटीवर बसली आणि वाचायला लागली. "कपडे सुंदर." "खुर्च्या टोचतात." "भावाचं काम करणाऱ्यांनी जेवून यावं, फार अशक्त वाटतात." सगळे हसले. मग तिने पुढचं कार्ड उचललं आणि नेहमीसारखं मोठ्याने, स्पष्ट वाचलं:

"साक्षीदार बाई बोलायला लागल्या की माणूस घड्याळ बघतो. यांनी कपडेच शिवावेत. रंगमंचावर उभं राहणं हे शिकल्यासवरल्या माणसांचं काम आहे."

शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं आपण काय वाचलं ते. कुणी हसलं नाही. मावशी आपल्या पदराच्या टोकाकडे बघत होती, जणू तिथे टाका उसवलाय.

"प्रेक्षक आहेत," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका, ताई."

दुसऱ्या दिवशी मावशीने काम सोडलं. बाईंनी परोपरीने सांगितलं, पण मावशीचं एकच. "लोक खोटं कशाला लिहितील? आणि माझ्याच पोरीच्या तोंडून ऐकलं ना मी." ते काम डॉक्टरांच्या बायकोला मिळालं. मावशीनेच तिच्या मापाने कपडा आत घेतला. त्या दिवसापासून दुकानात पुटपुटणं बंद झालं, नुसती मशिनं चालू.

टाचणीला झोप लागेना. मावशीला कुणीतरी मारलं होतं आणि मारायला टाचणीचं तोंड वापरलं होतं. तिने ते कार्ड पेटीतून काढून घरी आणलं होतं. दुकानात दिवसाउजेडी खिडकीशी धरून ती ते परत परत बघायची. तिसऱ्या दिवशी कार्ड जरा तिरकं झालं आणि कोपऱ्यात काहीतरी चमकलं.

अंगठ्याचा ठसा होता. चंदेरी.

प्रेक्षकांत कुणी कानशिलांना चंदेरी मलम लावून येत नाही. मंडळातही ते एकाच माणसाच्या डब्यात होतं.

तुला वाटेल, तिने धावत जाऊन मावशीला सांगितलं असेल. नाही सांगितलं. मावशी 'जाऊ दे' म्हणाली असती आणि कार्ड फाडून टाकलं असतं. टाचणीला जाऊ द्यायचं नव्हतं. तिने कार्ड वहीच्या पुठ्ठ्यात सरकवलं आणि पुढच्या रविवारची वाट बघायला लागली. तिच्या पोटात काहीतरी थंड आणि टोकदार बसलं होतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं.

दुसऱ्या रविवारी ती पेटीवर बसली. तीन-चार कार्डं वाचली. मग एक उचललं, त्यावर नजर फिरवली आणि अजिबात न अडखळता म्हणाली, "न्यायाधीशांचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही."

कार्डावर ते लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टर हसले. "म्हातारं असेल कुणीतरी. कान तपासून घ्या म्हणावं."

पण बुधवारी मावशीच्या दुकानात एक गिऱ्हाईक गालाला हात लावून आलं आणि सांगायला लागलं, "डॉक्टरांना झालंय काय? माझ्या तोंडात आरसा, चिमटा, कापूस, आणि हे भिंतीपाशी जाऊन विचारतात, माझा आवाज येतो का? मी काय बोलणार? मी म्हटलं, आँ. तर ते आणखी जोरात बोलले!"

मशिनमागे बसलेली टाचणी खाली वाकून हसली. मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि ओठांतल्या टाचण्या सावरल्या.

तिसऱ्या रविवारी न्यायाधीश ओरडले. पहिल्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. स्वतःच्या भावाशी एकांतात बोलायचा हळवा प्रवेश त्यांनी रेल्वेच्या फलाटावर उभं राहिल्यासारखा केला. त्या दिवशी पाच कार्डांवर खरोखरच लिहिलेलं होतं, न्यायाधीश एवढे का ओरडतात? टाचणीने ती पाचही चवीने वाचली. सहावं तिने मनाने रचलं. "न्यायाधीशांना आपले हात कुठे ठेवायचे ते कळत नाही."

हे तू कधी करून बघ. कुणाला चालता चालता सांग, तुझे हात विचित्र हलतायत. तो माणूस चालायचं विसरेल. किंवा नकोच करूस. टाचणीने केलं, आणि चौथ्या रविवारी डॉक्टरांचे हात खिशात गेले, पाठीमागे गेले, हातोड्यावर आले, पाण्याचा पेला सांडला. हात सांभाळता सांभाळता दोन वाक्यं गेली. आता तिला काही रचावं लागत नव्हतं. लोकच लिहीत होते. डॉक्टर वाचन चालू असताना मान खाली घालून बसत आणि तळवे मांडीखाली दाबून ठेवत.

बाई एकदा हळूच म्हणाल्या, "टाचणे, आवाज फार छान लागतो गं तुझा हल्ली."

टाचणीने खाली पाहिलं.

पाचवा रविवार शेवटचा. निकालाचा प्रवेश आला. न्यायाधीश उभे राहिले, हातोडा उचलला आणि गप्प झाले. विंगेतून कुणीतरी वाक्य सांगितलं. ऐकू गेलं नाही. परत सांगितलं, तेव्हा ते सभागृहाला आधी ऐकू गेलं आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. अकरा वर्षांत डॉक्टरांवर असं कुणी हसलं नव्हतं.

पडदा पडल्यावर सगळे बसले. कपडे गोळा करायला म्हणून मावशीही आली होती, खांद्यावर कोटांचा ढीग घेऊन कडेला उभी. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते तो पुसत होते, त्यामुळे चंदेरी रंग त्यांच्या बोटांवर उतरला होता.

"आज वाचू नकोस," ते टाचणीला म्हणाले. "मला माहीत आहे त्यात काय आहे."

"एकच वाचू या," टाचणी म्हणाली. तिने वहीच्या पुठ्ठ्यातून ते जुनं कार्ड काढलं, पेटीवरून उतरली आणि त्यांच्यापुढे धरलं. "हे तुम्ही वाचा."

"अगं, कार्ड हातात द्यायचं नाही," बाई म्हणाल्या.

"यांच्या हातात आधी होतंच, बाई."

डॉक्टरांनी कार्ड घेतलं. घेताना पाहिलं नव्हतं. पाहिलं, तेव्हा त्यांचा अंगठा जुन्या ठशाच्या शेजारीच पडला होता.

"वाचा ना," टाचणी म्हणाली. "मोठ्याने. मी वाचलं होतं तसं."

"साक्षीदार बाई..." डॉक्टर थांबले.

"पुढे," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज ग्रंथालयातला होता.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. हळू वाचलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंनी कार्ड कडेला धरून काढून घेतलं आणि दिव्याखाली नेलं. शेजारी शेजारी दोन चंदेरी अंगठे. कार्ड एका हातातून दुसऱ्या हातात फिरलं. डॉक्टरांच्या बायकोने ते बघितलं आणि साक्षीदाराची शाल काढून, घडी घालून मावशीच्या हातात दिली.

"पुढच्या रविवारी एक जादा प्रयोग लावते," बाई म्हणाल्या. "साक्षीला कोण उभं राहणार?"

मावशीने कोटांचा ढीग खाली ठेवला. "मी," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "मी मुकाट्याने उसवून घेतलं, डॉक्टर. तुमचा हात आहे असं वाटलंच नव्हतं. तुम्ही ताई म्हणत होता मला."

टाचणीला वाटलं, झालं. मिळालं आपल्याला. हे इतकं गोड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मावशीने तिच्याकडे पाहिलं. कापडाचा उभा धागा तिरका गेलेला तिला लांबूनही कळायचा, तसं पाहिलं.

"टाचणी," ती म्हणाली. "बाकीची कार्डं तू वाचलीस. ती तशीच लिहिलेली होती ना?"

'हो' म्हणायला किती वेळ लागतो? आणि कुणी तपासणारही नव्हतं. टाचणीने मावशीकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं. राग गेला नव्हता. जायला हवा होता असंही तिला वाटत नव्हतं.

ती परत पेटीवर चढली नाही. तिने पेटी उघडली. तळाशी दोऱ्याने बांधलेले आधीच्या चारही रविवारचे गठ्ठे होते. दुसऱ्या रविवारचा गठ्ठा तिने सोडला, त्यातलं एक कार्ड काढलं आणि डॉक्टरांच्या समोर उभी राहून, मोठ्याने, स्पष्ट, जे लिहिलं होतं तेच वाचलं:

"न्यायाधीश किती हळू बोलत होते. मी अगदी शेवटच्या रांगेत होतो, तरी मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला. यात काही बदलू नका."

डॉक्टरांनी मान वर केली. टाचणीने कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पुढचं उचललं.