डावी पाकळी पडलेली वही

मित्रांनो, कोपरे झिजलेली, दोनशे पानांची एक वही तुमच्याशी बोलते आहे. माझ्यात लिहिलेले बरोबर आहे की नाही, याचा मला फार दिवस संशय होता. त्याच संशयाने एका मुलीचे नुकसान केले, म्हणून हे सांगते.

कृष्णनाथ मास्तरांनी मला डिचोलीच्या बाजारातून आणले आणि जुन्या कॅलेंडरचे कव्हर घातले. मास्तर निवृत्त, एकटे आणि लाजरे. लहानपणी ते दोन वर्षे पोर्तुगीज शाळेत गेले होते. पुढे त्या भाषेची बहीण म्हणून स्पॅनिश त्यांनी पुस्तकांवरून शिकून घेतली. स्पॅनिश बोलणारा माणूस मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. म्हणून ते माझ्यात पेन्सिलीने लिहीत आणि कडेला बारीक प्रश्नचिन्ह काढीत.

एके दिवशी सर्वण गावची सिद्धी स्पॅनिश शिकायला आली. ती नर्स होती. स्पेनमधल्या एका वृद्धाश्रमाला नर्स हव्या होत्या आणि मुलाखत फोनवर, स्पॅनिशमध्ये होणार होती. तिची मैत्रीण तेजस्विनी हीही नर्स होती आणि तिलाही जायचे होते, पण कामामुळे तिला शिकायला येता येत नसे. ती माझ्या पानांचे फोटो मागवून घेई.

माझी सर्वांत चांगली पाने भविष्यकाळाची. वर्तमानकाळात क्रियापदाचे शेपूट कापावे लागते. भविष्यकाळात काही कापायचे नाही. 'आब्लार' म्हणजे बोलणे. अख्खा शब्द ठेवायचा आणि पुढे जोडायचे: आब्लारे, मी बोलेन, आब्लारास, तू बोलशील, आब्लारा, तो बोलेल. मग आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. खाणे असो की राहणे, नियमित क्रियापदांना हीच सहा शेपटे.

"सर, मग 'मी जाईन' कसं म्हणायचं?" सिद्धीने विचारले.

"इरे. पण निघताना ते नको म्हणूस."

"आई पण तेच सांगते. जाते म्हणू नये, येते म्हणावं."

"मग बोल्वेरे म्हण. मी परत येईन."

तेव्हापासून रोज उंबऱ्यावर चपला घालताना ती म्हणे, "बोल्वेरे, सर." मास्तर खाली बघून हसत.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मास्तरांना जेवण गेले नाही. सगळे चुकीचे शिकवले असेल तर? ते मला घेऊन देवळात गेले आणि देवाला कौल लावला. भटजींनी मला देवापुढे ठेवले, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले, "देवा, सिद्धीक ह्या वहीतलां शिकयलां तां बरोबर असात तर उजवी दी."

उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. बराच वेळ काहीच हलले नाही. मग डावी पडली.

त्याच वेळी सिद्धीचे वडील शंभू नारळ घेऊन आत आले. त्यांनी फक्त पाकळी पडताना पाहिली.

"कोणाचो कौल?"

"सिद्धीसाठी लायलेलो," भटजी म्हणाले आणि आत गेले.

शंभूंचा चेहरा उतरला. "मास्तर, तिच्या जाण्याचोच मा?"

प्रश्न माझा होता, मास्तरांचा होता. तिच्या जाण्याचा नव्हता. एका वाक्याचे काम होते. पण मग, 'माझ्या शिकवण्यावर माझाच विश्वास नाही', हेही मास्तरांना सांगावे लागले असते. मास्तरांनी मान हलवली. मित्रांनो, ती मान 'हो' म्हणत होती.

"देवान नाय म्हटलां. आता विषय सोपलो," शंभू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिद्धीला मुलाखतीसाठी फोन दिला नाही. तेजस्विनीने मुलाखत दिली आणि ती स्पेनला गेली. सिद्धी पुन्हा शिकायला आली नाही. मास्तरांनी मला कपाटात तळाशी ठेवले. तीन वर्षांत वाळवीने माझे कव्हर खाल्ले आणि पहिली चाळीस पानेही.

गेल्या महिन्यात मास्तर मला पिशवीत घालून सर्वणला गेले. सिद्धी अंगणात कपडे वाळत घालत होती. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या दिवशीचा कौल तुझा नव्हता. वहीचा होता. मी बोललो नाही."

तिने हातातला टॉवेल पिळून दोरीवर टाकला.

"वही बरोबर होती, सर. तेजस्विनीनं तिथून कळवलंय. एक चूक नाही म्हणे."

मास्तर पायरीवर बसले. तिने पाणी आणून दिले आणि मला हातात घेतले.

"बाबांना सांगू?" मास्तरांनी विचारले.

"आता सांगून त्यांना कशाला जाळायचं? त्यांनी देवाचं ऐकलं. तुम्ही कोणाचं ऐकलंत, सर?"

मास्तर उठले. निघताना सवयीने "येतो" म्हणाले. सिद्धी मला घेऊन आत गेली.

आता मी तिच्या खिडकीत असते. मित्रांनो, वह्यांना कडुलिंबाची पाने घाला, अधूनमधून ऊन दाखवा, हे तर सांगतेच. पण कोणी विचारले, आणि खरे तुम्हालाच ठाऊक असले, तर तिथल्या तिथे सांगा. माझ्यात भविष्यकाळाची सहाही रूपे शाबूत आहेत. सिद्धी कधी कधी मला उघडते, 'बोल्वेरे'चे एकच पान बघते आणि न वाचता मिटते.