न हललेला हात

"घट्ट धरा हो. मघाशी ही हलली, म्हणून सुईतच रक्त फुटलं, पेशी तुटल्या. प्रयोगशाळेने नळी नाकारली," नर्स म्हणाली.

आईने टिल्लीचं कोपर टेबलावर दाबून धरलं. चार वर्षांची पोर अंगाने एवढीशी, म्हणून घरात सगळे तिला टिल्ली म्हणत. आवाज मात्र खणखणीत. आठवडाभरात तोही बसला होता. चेहरा पांढराफटक, डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी.

त्या 'फुटलं' शब्दाने आईला उलट धीर आला होता. रक्त सुईत फुटलं, म्हणजे दोष सुईचा. पोरीच्या अंगातलं रक्त धड असणार.

दुसरी नळीही प्रयोगशाळेने नाकारली. या खेपेला तिथली बाई स्वतःच वर आली. चष्मा कपाळावर, बोलणं तिखट.

"दोनदा फुटकं रक्त पाठवलंत. आता मीच काढते."

नर्सचं तोंड एवढंसं झालं.

टिल्लीसमोर उकिडवं बसल्यावर मात्र बाईचा आवाज मऊ झाला. "अजिबात हलली नाहीस, तर पुन्हा टोचणार नाही. शब्द दिला."

"पुतळा होऊ?"

"हो."

टिल्ली पुतळा झाली. तिची पापणीसुद्धा लवली नाही. सुई अलगद शिरली, रक्त आपसूक नळीत उतरलं. आईला हात दाबावाही लागला नाही.

राहवेना म्हणून आई पोरीला कडेवर घेऊन बाईच्या मागोमाग खाली गेली. नळी गरगर फिरवणारं यंत्र घरघरलं, थांबलं. बाईने नळी उजेडात धरली. रक्त तळाशी बसलं होतं, पण वरचं पाणी पिवळसर दिसायला हवं, ते लालच होतं.

"पुन्हा सुईत फुटलं का?" आईने विचारलं. तिला 'हो' ऐकायचं होतं.

"नाही, ताई. अंगातच फुटतंय. आधीच्या नळ्याही बरोबरच होत्या. मीच फेकून दिल्या."

सुईला बोल लावण्याची सोयही आता उरली नव्हती.

"पण का फुटतंय?"

"तिचं शरीरच स्वतःचं रक्त फोडतंय का, ते बघावं लागेल. त्याशिवाय डॉक्टरांना औषध ठरवता येणार नाही." बाईने चष्मा काढून उगाच पुसला. "त्याला अजून थोडं रक्त लागेल."

टिल्लीने आईच्या खांद्यावरची मान उचलली.

"आई, मी हलले का गं?"

"नाही गं बाळा," आई म्हणाली, आणि तिची बाही वर सारू लागली.