शिंपीणबाईंचा क्यू

शिंपीणबाई तीन वर्षं पूल क्लबच्या अंतिम सामन्यात हरल्या होत्या, आणि तिन्ही वेळा दातांच्या डॉक्टरांकडून. डॉक्टर उंचेपुरे, त्यांचा क्यू, म्हणजे टेबलावरचे चेंडू मारायची काठी, मखमली पेटीतून यायचा. बाई ठेंगण्या, त्यांच्या वाट्याला क्लबच्या कोपऱ्यातला, शेंडा सैल झालेला. जिंकल्यावर डॉक्टर दरवेळी मिश्कील हसायचे. "ताई, आता अंगण वाकडं म्हणू नका हं!"

हे बाईंच्या जिव्हारी लागायचं, कारण अंगण खरोखरच वाकडं होतं. पण हरलेल्या माणसाचं कोण ऐकतं? यंदा स्वतःचा क्यू घेऊनच टेबलाशी उभं राहायचं आणि या माणसाला हरवायचं, असं त्यांनी ठरवलं.

करणारा घरातच होता. नवरा कातारी, लेथवर खुर्च्यांचे पाय कातण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाईंनी बेतायच्या कागदावर चित्र काढलं. मागचा जाड भाग काळसर लाकडाचा, त्यात फिक्या लाकडाच्या लांब सुया बसवलेल्या, टोकं शेंड्याकडे आणि अगदी शेवटी प्रत्येक सुईचं नेढं. मुठीवर काळा दोरा, तो त्या स्वतः गुंडाळणार. किती वर्षं हे चित्र त्यांच्या डोक्यात होतं!

नवऱ्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "क्यू आहे की सुयांचं पाकीट?"

"तुम्ही काता हो. हसायला क्लब आहे."

त्याने बाईंना हातात काठी देऊन उभं केलं, मूठ कुठे येते ते मापलं आणि कामाला लागला. क्यू झाला तेव्हा दोघंही बघतच राहिली. इतकी देखणी वस्तू त्या घरात कधी झाली नव्हती.

क्लबात मात्र सगळंच मुसळ केरात. चेंडू एकीकडे, टेबलाचा खिसा दुसरीकडे. बाईंचा हात दोऱ्यावर पडायचाच नाही, पुढच्या गुळगुळीत लाकडावर पडायचा, आणि मागच्या वजनाने शेंडा वर उठायचा. घरी येऊन बाई चक्क रडल्या. नवऱ्याचं तोंड उतरलं. "माप तर बरोबर घेतलं होतं गं."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक पँट शिवायला आलं. टेप कमरेला लागताच त्याने पोट आत ओढलं. "श्वास सोडा," बाई सवयीने म्हणाल्या. येईल त्याला त्या हेच सांगत आल्या होत्या.

आणि टेप हातातच राहिली. त्या स्वतः मापाला कशा उभ्या होत्या? छाती पुढे, मान ताठ, टाचा उचललेल्या! नवऱ्याने माप बरोबरच घेतलं होतं, पण ते भलत्याच बाईचं. टेबलावर वाकलेल्या बाईचं नव्हे.

संध्याकाळी त्यांनी हाताला निळा खडू फासला आणि क्लबच्या जुन्या क्यूने त्या मन लावून एक डाव खेळल्या. डाव संपला तेव्हा दांड्यावर निळी मूठ उमटली होती. नव्या क्यूच्या दोऱ्यापेक्षा चांगली वीतभर पुढे.

म्हणजे दोरा पुढे सरकवायला हवा होता, आणि मागचं वजन उतरवायला क्यू मागून कापायला हवा होता. नवऱ्याने करवत उचलली आणि परत ठेवली. "सगळी नेढी जातील गं. तुझी आवडती."

बाईंनी नेढ्यांवरून एकदा बोट फिरवलं. तरी म्हणाल्या, "कापडाला कात्री लावायला भ्याली ती शिंपीण कसली? कापा."

अंतिम सामन्यात शेवटी, जो पाडेल तो जिंकेल असा, एकटा काळा चेंडू उरला, तोही कडेला चिकटलेला. डॉक्टरांचा नेम थोडक्यात हुकला. बाई वाकल्या. हात आपसूक दोऱ्यावर जाऊन बसला, जणू तिथेच राहायला होता. पांढरा चेंडू हलकेच निघाला, काळा कडेकडेने घरंगळत गेला आणि खिशात पडला. नवऱ्याने टाळ्या पिटल्या तसा त्याच्या बाह्यांमधून भुसा उडाला. बाईंना वाटलं, आपण डॉक्टरांहून उंच झालो आहोत.

डॉक्टरांनी हात मिळवला. "आता तरी अंगण सरळ होतं ना, ताई?"

"सरळ करून घेतलं, डॉक्टर. आधी वाकडंच होतं."

आठवड्याभरात डॉक्टर दुकानात हजर. मखमली पेटी घरी ठेवून आले होते. "मलाही असाच एक हवा," असं म्हणून ते मापासाठी बाईंच्या नवऱ्यापुढे उभे राहिले, छाती पुढे, मान ताठ, पोट पार पाठीला टेकलेलं.

बाईंनी नवऱ्याच्या हातातली टेप काढून घेतली.

"श्वास सोडा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आणि चला क्लबात. आधी एक डाव हरा, मग माप घेऊ."