पंडित इंजिनात नाही

अमावास्येच्या सकाळी शेलवाडीच्या पारापुढे अर्धं गाव जमलं होतं. मधोमध व्यंकटरावांचा जुना ट्रक उभा होता. बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला लिंबू-मिरच्या. ड्रायव्हर सितारामने सेल मारला आणि ट्रकच्या पोटातून आवाज सुरू झाला, खडखड, खडखड, पत्र्याच्या डब्यात गोटे भरून हलवावेत तसा. बायांनी पोरं पदराखाली ओढली.

"ऐकायलाव का?" बन्सीधर महाराजांनी मोरपिसांचा कुंचा वर केला. "पंडित बोलायलाय! म्हणतो, ट्रक माजा हाय, मी उतरणार न्हाई. इंजिनाला सात कोठ्या असत्यात, सातव्या कोठीत बसलाय त्यो!"

ट्रकला सिलिंडर सहा होते. सातवा फक्त महाराजांनाच दिसत होता.

गर्दीच्या कडेला सत्यशीला उभी होती. गावच्या शाळेतली मास्तरीण आणि त्याच पंडितची बायको. पंडितने हा ट्रक कैक वर्षं चालवला, कापूस भरून परभणीला नेला आणला. पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो दवाखान्यातच वारला. ओढ्याकाठी माती दिली, बुद्धवंदना झाली. दिवाळीनंतर ट्रक खडखडायला लागला आणि महाराजांनी निदान केलं, की धर्म सोडला, पिंड पाडला नाही, म्हणून पंडित इंजिनात शिरला.

तेव्हापासून सत्यशीला पाण्याला गेली की हापशावरच्या बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. शाळेत पोरं येईनात. तिच्या उंबऱ्याला कुणीतरी खिळे ठोकले. तेही तिने गिळलं असतं. पण मागच्या गुरुवारी महाराजांनी नवा हुकूम काढला, अमावास्येला उतारा करायचा आणि त्याच दुपारी पंडितची माती उकरून मढ्याच्या छातीत लोखंडी पहार ठोकायची. व्यंकटराव मान खाली घालून म्हणाले, "करा, महाराज. धंदा बुडायलाय माजा."

त्या दिवशी सत्यशीला रडली नाही. तिने विचार केला. आवाज येतो केव्हा? ट्रक गुरुवारी महाराजांच्या मठाला कापडं-धान्य पोचवून आला की. जातो केव्हा? महाराजांचा चेला गेनू मालकाकडून दक्षिणा घेऊन, बॉनेटखाली वाकून काळी बाहुली बांधतो तेव्हा. मेलेल्या माणसाला गुरुवार कसा कळतो? आणि गेनूचीच वाट का बघतो?

दुसऱ्या दिवशी तिने सितारामला गाठलं. तो आधी पंडितच्या हाताखाली क्लीनर होता.

"भावजी, बॉनेट उघडा."

"वैनी, नका! मला भ्या वाटतंय."

"ते मला जितेपणी कधी बोट लावले न्हाईत. तुमाला काय करणार हायत? उघडा."

आत सगळीकडे काळ्या तेलाचा आणि धुरळ्याचा थर होता. बोटभर जाड. फक्त डायनामो ज्या पट्टीवर बसतो, तिचा एक नट लख्ख चकाकत होता. त्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. सितारामने नट पिळला, सेल मारला. इंजिन गुरगुरत राहिलं, खडखड बंद. त्याने पान्याने नट सैल केला. खडखड चालू.

सिताराम तोंडाला हात लावून खाली बसला. मग ताडकन उठला. "चला मालकाकडं! आत्ताच्या आत्ता!"

"न्हाई," सत्यशीला म्हणाली. "माज्या माणसाचं भूत त्यांनी चारचौघांत केलं. चारचौघांतच उतरवायचं. नट तसाच राहू द्या."

अमावास्येला सकाळी, ट्रक पारावर न्यायच्या आधी, ती कुंपणावरच्या खाजकुयलीच्या शेंगा घेऊन आली. हाताला फडकं गुंडाळून तिने त्यांची सोनेरी कुसं त्या नटावर आणि आजूबाजूच्या तेलात चांगली थापली. थापताना तिला हसू आलं. पंडित गेल्यापासून पहिल्यांदा.

"गेनू, बांध बाहुली!" महाराज आता पारावर गरजले. "पंडित्या, ऊतर!"

सितारामने इंजिन बंद केलं. गेनू बाहुली घेऊन बॉनेटखाली वाकला. सदऱ्याच्या बाहीतून काहीतरी खाली सरकलेलं सत्यशीलाला दिसलं. महाराज मोठमोठ्याने मंत्र म्हणत होते, पान्याची खटखट झाकायला. गेनू बाहेर आला. सितारामने सेल मारला. इंजिन चालू, खडखड बंद.

"गेला! पंडित गेला!" लोक हात जोडायला लागले.

तोच गेनू तळहात मांडीवर घासायला लागला. मग बोटं. मग मनगट. मग मान, कारण मानेला हात लावला होता. तो उड्या मारत किंचाळला, "महाराज, मेलो! आग झाली!" बाहीतून पाना निसटला आणि दगडावर खणकन पडला.

महाराज क्षणभर गोंधळले. पण जीभ तयारीची. "बघा! पंडित इंजिनातनं निघाला, गेनूच्या अंगात शिरला! धरा रं त्याला, कुंच्यानं हानतो!"

गेनू ओरडत राहिला. सत्यशीलाने त्याला पुरेपूर खाजवू दिलं. मग पुढे जाऊन पाना उचलला.

"पंडित न्हाई, खाजकुयली शिरली. मी लावली. जिथं ह्यो हात घालणार होता तिथंच. मालक, इकडं या. ह्यो नट सैल करा."

सितारामने व्यंकटरावांपुढे फडकं धरलं. सत्यशीलाने ते काढून घेतलं. "उघड्या हातानं करू द्या. पहार ठोकायची परवानगी त्यांनी उघड्या तोंडानं दिली होती."

व्यंकटरावांनी नट सैल केला. इंजिन खडखडलं. घट्ट केला. गप झालं. ते हात खाजवत उभे राहिले, मान वर होईना.

"आता सांगा मालक. पंडित कुठं हाय?"

"इंजिनात न्हाई, बाई." आवाज पुटपुटल्यासारखा होता.

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू जाऊ द्या."

"पंडित इंजिनात न्हाई!"

महाराज मठाच्या वाटेला लागले होते. चार-पाच गड्यांनी त्यांना धोतराला धरून आणलं. कुणी चप्पल काढली. "मारू का बाई?"

"मारू नका," ती म्हणाली. "दोघांना सोनपेठच्या ठाण्यात न्या. मारलं की तुमाला वाटंल, आपलं फिटलं. ह्या माणसानं फक्त एक नट सैल केला. खिळे तुमी ठोकले. घागरी तुमी उचलल्या."

हापशावर सगळ्यात आधी घागर उचलणारी केशरबाई पुढे आली, पदर तोंडाशी धरून.

"बाई, चुकलं. आमी कधी आत बघितलंच न्हाई."

"मग आता बघा. फडकं घ्या. समद्यांनी एकेक करून या. सैल करा, ऐका. घट्ट करा, ऐका. माजा शब्द मानू नका, महाराजाचाही मानू नका. इंजिन खडखडलं तर बॉनेट उघडा. माणूस आजारी पडला तर डागदराकडं न्या. आणि कुणी म्हणालं भूत हाय, तर त्याच्या हातात काय हाय, ते आधी बघा."

केशरबाईने नटाला पाना लावला. तिच्यामागे रांग लागली.