कोपऱ्याला कोपरा

मानवजातीची सगळी युद्धं एकाच प्रश्नावरून झाली आहेत: शेजारी कोणाला म्हणायचं? हे महान सत्य मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खुर्चीवर बसून उच्चारलं. भाऊजी म्हणाले, "पाय काढ. माझं अख्खं घोडदळ तुझ्या चपलेखाली आहे."

घोडदळ म्हणजे खाली घरंगळलेल्या तीन लाल सोंगट्या. खेळाचा नकाशा आमच्या मधल्या खुर्चीवर पसरला होता. पुठ्ठा जुना, एक कोपरा सारखा वर उठतो, म्हणून त्यावर ताईच्या चष्म्याचं घर ठेवलं होतं. आत जाताना तिने ते माझ्या हातात दिलं आणि "भांडू नका" एवढंच म्हणाली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको आणि गेली बावीस वर्षं या खेळाची एकमेव पंच.

भांडण एका शब्दाचं. नियमपुस्तिकेत लिहिलंय, 'सैन्य फक्त लागून असलेल्या प्रदेशात हलवावे.' माझं पठार आणि भाऊजींचं बंदर एका टोकाला भेटतात, फक्त टोकाला. माझ्या मते लागलं म्हणजे लागलं. पण भाऊजी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. "कोपऱ्याला कोपरा म्हणजे लागून नव्हे. बिंदूला रुंदी नसते. सैन्य काय सुईत ओवून नेणार आहेस?" मग आवाज चढायचे, आणि ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जग जिंकून झालं असेल तर ताटं घ्या!"

सकाळी सर्जनबाईंनी नेमका तोच शब्द वापरला. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून आहे. नुसती लागून असेल तर काढू. आत शिरली असेल, तर तशीच ठेवून टाके घालू.

"म्हणजे तुम्ही तासाभरात बाहेर आलात, तर..." भाऊजींनी वाक्य पुरं केलं नाही. बाईंनीही केलं नाही.

पन्नास मिनिटं झाली होती. दवाखान्यात बसून वेळ लवकर जावा आणि दार उघडावं असं वाटणारी माणसं मी पाहिली आहेत. तो लवकर जावा आणि दार मात्र उघडू नये, असं वाटणारे आम्ही दोघंच असू.

"तुझी पाळी," भाऊजी म्हणाले.

पठारावर माझे सात शिपाई होते. बंदरात त्यांचा एक.

"पास," मी म्हणालो.

"का?"

"लागून नाहीये. कोपऱ्याला कोपरा आहे नुसता."

"बावीस वर्षं डोकं खाल्लंस माझं. आजच अक्कल आली?"

"बिंदूला रुंदी नसते, भाऊजी."

त्यांनी फासे माझ्यापुढे सरकवले. "फासे टाक. हल्ला कर. नाहीतर मला वाटेल, तुला कुणीतरी काही सांगितलंय आणि तू माझ्यापासून लपवतोयस."

मी फासे टाकले. एक आणि दोन. पुन्हा टाकले. प्रत्येक फाशानंतर भाऊजी आधी दाराकडे बघत, मग आकड्याकडे. माझे सातही जण एकेक करून संपले. बंदरातला एकटा शिपाई जागचा हलला नाही. इतक्या मनापासून मी जन्मात कधी हरलो नव्हतो. आम्ही दुसरा डाव मांडला, मग तिसरा.

दार उघडलं तेव्हा तीन तास दहा मिनिटं झाली होती.

"चिकटली होती, आत शिरली नव्हती," सर्जनबाई म्हणाल्या. "काढली. पण तपासणीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागतील. तोवर मी काही बोलणार नाही."

"चिकटली म्हणजे कोपऱ्याला, की अख्खी हद्द?" भाऊजींनी विचारलं.

बाईंनी नकाशाकडे बघितलं, मग भाऊजींकडे. "बोटभर."

त्या आत गेल्या. भाऊजी खाली बसले. "बोटभर म्हणजे लागूनच की रे," ते म्हणाले. त्यांनी फासे उचलले, पण टाकले नाहीत. मुठीत धरून बसले. "आणि आता आठ दिवस पाळी त्या तपासणीवाल्यांची."

मी सोंगट्या गोळा करू लागलो. तेवढ्यात नर्सने दारातून डोकं काढलं.

"पेशंट शुद्धीवर येतायत. भांडून झालं असेल तर चष्मा द्या म्हणतायत."