सव्वाआठच्या बसमधला आवाज

कानवाल्या बाई दिवसभर लोकांचे कान तपासत. सरकारी दवाखान्यात त्यांच्या दारावर नावाची पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या कानवाल्या बाईच. बाईंची त्याला हरकत नव्हती. त्यांच्या मते कान हा शरीरातला सगळ्यात सभ्य अवयव. जीभ टोचून बोलते, डोळे वटारले जातात, कान बिचारे निमूट ऐकून घेतात.

आणि म्हणूनच सव्वाआठच्या बसमधला रंगारी त्यांच्या डोक्यात गेला होता.

तो तिसऱ्या थांब्यावर चढायचा. चाळिशीचा, उंचापुरा, पँटवर सात रंगांचे शिंतोडे, हातात ब्रशांची बादली. बाईंच्या बरोबर मागच्या बाकावर बसायचा, बादली पायांत घ्यायचा आणि जरा वेळाने खिशातून फोन काढून गाणी लावायचा. गाणी म्हणजे ढोल, पिपाणी आणि मधूनच "हो, हो" करणारे दहा-बारा पुरुष. वेळही अशी गाठायचा की बाईंनी ताईला फोन लावायला आणि त्याचा ढोल वाजायला एकच गाठ पडे.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी. सकाळी बसमधून वीस मिनिटं तिच्याशी बोलल्याशिवाय बाईंचा दिवस सुरू होत नसे. त्यातून सध्या ताईकडे प्रकरण पेटलं होतं. तिने साफसफाईच्या भरात भावोजींची जुनी वेताची खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली होती, आणि तेव्हापासून भावोजींनी मौन धरलं होतं. काही हवं असलं की चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवायचे. आता अशा नाजूक गोष्टी बोलताना मागून ढोल! बाई आवाज चढवत. रंगारीही चढवी. बाई आणखी चढवत, की तोही इरेला पेटल्यासारखा बटण दाबी. पूल येईपर्यंत दोघांची अशी जुंपे, की ड्रायव्हर आरशातून मागे बघू लागे.

"सरळ सांग ना त्याला," ताई म्हणाली.

पण बाईंच्या माहेरी कुणाला तोंडावर बोलायची पद्धतच नव्हती. पाहुणा फार वेळ रेंगाळला तर वडील उठून घड्याळाला चावी देत. शहाणा असेल तो समजे. बाईंनीही तोच मार्ग धरला. एकदा त्या मागे वळल्या आणि रंगाऱ्याकडे रोखून बघत राहिल्या. त्याने घाईघाईने मान डोलावली आणि आवाज आणखी मोठा केला. दुसऱ्या दिवशी त्या खोकल्या. साधंसुधं नाही, चांगलं घसा खरवडून, तीनदा. रंगाऱ्याने डबीतून खोकल्याची गोळी काढून पुढे केली.

"घसा धरलाय तुमचा, बाई. बोलणं जरा कमी करा."

मग बाईंनी शेवटचा उपाय म्हणून चांगल्यातले इअरफोन आणले आणि "तुमच्यासाठी" म्हणून त्याच्या हातात ठेवले. आता तरी समजेल! रंगाऱ्याला भरून आलं. त्याने एक टोक आपल्या कानात घातलं आणि दुसरं अदबीने बाईंपुढे धरलं.

"अहो, मला नको."

"असं कसं? एकट्याने गाणं ऐकायचं म्हणजे ताट घेऊन कोपऱ्यात जेवायला बसल्यासारखं. आमच्याकडे बरं दिसत नाही ते."

त्या दिवशी दवाखाना येईपर्यंत कानवाल्या बाई मागे वळून, अवघडून, डाव्या कानाने ढोल ऐकत बसल्या. ताईचा फोन राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला मात्र, इअरफोन खिशातच, आणि ढोल सुरू.

शेवटी त्या कंडक्टरकडे गेल्या. "तुम्ही का सांगत नाही हो त्यांना? नियम आहे ना?"

कंडक्टरने मान खाजवली. "नियम आहे बाई. पण ते बंद केलं, तर मग..." एवढं बोलून तो तिकिटं द्यायला पुढे सटकला. शेजारचे छत्रीवाले आजोबा खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखं बघू लागले. बाईंना वाटलं, बघा, अख्खी बस घाबरते या माणसाला.

गुरुवारी मात्र डोक्यावरून पाणी गेलं. ताई काहीतरी महत्त्वाचं सांगत होती आणि "हो, हो"मध्ये ते पार वाहून गेलं. बाईंनी फोन ठेवला आणि उभ्या राहिल्या.

"बंद करा ते!"

रंगाऱ्याने दचकून बंद केलं.

"माणसाच्या कानात केसाहून बारीक तंतू असतात," बाई कडाडल्या. "एकदा मेले की परत उगवत नाहीत! तुमच्या ढोलापायी रोज माझे किती मरतात याची कल्पना आहे का तुम्हाला? सार्वजनिक गाडी आहे ही. जरा दुसऱ्याचा विचार करा!"

"आधी सांगायचं ना, बाई," रंगारी कावराबावरा होऊन म्हणाला.

"दोन महिने सांगतेय!"

"कधी?"

"खोकले नाही का मी?"

"मला वाटलं, खोकला झालाय."

बाई खाली बसल्या. मन निवलं होतं. बसमध्ये कशी छान शांतता पसरली. एवढ्यात फोन वाजला.

"हं, बोल ताई. नाही गं, आज निवांत आहे, बंद करायला लावलं मी त्याला. काय म्हणतायत भावोजी? परत चिठ्ठी? काय लिहिलंय? 'भाजीत मीठ नाही', एवढंच? आणि खाली सही केली? स्वतःच्या बायकोला लिहिलेल्या चिठ्ठीवर सही? तू असं कर, त्यांची केस रंगवायची बाटली लपवून ठेव. मग बघ कसे बोलतात ते. हो, हो. ठेवते."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. शांतता अजून होतीच. नको तितकी होती. कुणी खोकत नव्हतं, कुणी पेपर उलटत नव्हतं, आणि ड्रायव्हरने तर गाडीचा वेगही कमी केला होता.

छत्रीवाले आजोबा पुढे झुकले. "सही केली म्हणजे प्रकरण चिघळलं."

"मुळात खुर्ची द्यायलाच नको होती," पलीकडच्या बाकावरची शिक्षिका म्हणाली.

"अहो, पण त्या खुर्चीनेच त्यांची पाठ धरत होती ना?" कंडक्टर म्हणाला. "मागच्या मंगळवारी बाईच म्हणाल्या की."

बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. वीस वर्षं दुसऱ्यांना "ऐकू येतंय का" विचारणाऱ्या बाईला, आपण कुणाकुणाला ऐकू येतो हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

"कुठली खुर्ची?" मागून रंगाऱ्याने हळूच विचारलं.

एवढ्या बसमध्ये खुर्चीबद्दल ठाऊक नसलेला तो एकटाच होता.

बाई वळल्या. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"कसं माहीत असणार? मी गाणी लावत होतो ना." तो ओशाळून बादलीकडे बघत राहिला. "आमच्या डोंगरात घरं फळ्यांची, एकमेकांना चिकटून. शेजारी घरातलं काही बोलायला लागले, की आपण गाणी लावायची. म्हणजे त्यांना कळतं, की आपल्याला काही ऐकू येत नाहीये, मोकळेपणाने बोला. जो लावत नाही तो कान देऊन ऐकतोय, असं धरतात. तुम्ही वळून बघितलंत तेव्हा वाटलं, अजून ऐकू जातंय म्हणून खुणावताय. म्हणून मोठा केला. पण काय करणार, तुमच्यापुढे माझा फोन कमी पडतो. रविवारी एक मोठा स्पीकर बघून आलोय."

"अहो, मग मला सांगायचं ना, की तुम्ही मोठ्याने बोलता!"

"गाणं बंद करा, हे सांगता येतं बाई," रंगारी म्हणाला. "तुमच्या घरातलं सगळ्यांना कळतंय, हे कसं सांगणार? ते ऐकून तुम्ही उद्या परत या बसमध्ये चढला असतात का?"

"माफ करा मला," बाई म्हणाल्या. तेही मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं.

दवाखान्यात त्यांनी तपासणीच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. ही काचेची छोटीशी खोली. दार लावलं की बाहेरच्या जगाचा चकार शब्द आत येत नाही. त्यांनी आवाज मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि ताईशी बोलतात तशी दोन वाक्यं बोलल्या. आकडा आला ब्याऐंशी, म्हणजे भर रस्त्यावरच्या रहदारीइतका. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं. त्र्याऐंशी. मग त्यांना आईची आठवण झाली. आईला ऐकू कमी यायचं आणि ते तिला कबूल नव्हतं, त्यामुळे अख्खं घर एकमेकांशी गच्चीवरून रस्त्यावर बोलावं तसं बोलायचं. घर सुटलं, आवाज तसाच राहिला. नोकरीही मिळाली ती अशी, की ओरडून बोललं तरी समोरचा म्हणणार, "काय म्हणालात?"

शुक्रवारी त्यांनी ताईला फोन केला तो अगदी हळू आवाजात.

"बरं नाही का तुला?" ताई म्हणाली.

"बरी आहे."

"मग अशी का बोलतेस? कोण आहे तिथे? धमकावतंय का कुणी? 'वांगी' म्हण, म्हणजे मी पोलिसांना कळवते."

"ताई, लोकांना ऐकू जातं गं."

"काय? ऐकू येत नाही. थांब, मीच येते उद्या."

आणि आली. शनिवारी पहिल्या गाडीने शहर ओलांडून ती बाईंबरोबर सव्वाआठच्या बसमध्ये चढली, शेजारी बसली आणि तिने तोंड उघडलं. ती त्याच आईची लेक होती, आणि थोरली. मागच्या बाकावर रंगाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्याने बाईंकडे बघितलं.

बाईंनी मनाचा हिय्या केला. "ताई, तुझं बोलणं सगळ्या बसला ऐकू जातंय."

"जाऊ दे की! मी काय चोरी केलीय?" ताईने मान वळवली. "तुम्हीच सांगा हो, अशा मोडक्या खुर्चीसाठी कुणी तीन आठवडे अबोला धरतं का?"

बस याच क्षणाची वाट बघत होती. आजोबा भावोजींच्या बाजूने, शिक्षिका आजोबांच्या बाजूने, कंडक्टर दोन्हीकडून. ड्रायव्हर सिग्नलला थांबल्यावर मागे वळून म्हणाला, "वहिनी, विचारून तरी द्यायची होती." ताई एकटी पडली. मग तिने रंगाऱ्यालाच साक्षीला धरलं आणि त्याला खुर्चीची कहाणी पहिल्यापासून सांगितली. समोरून कुणी सांगतंय म्हटल्यावर ऐकायला त्याची हरकत नव्हती. सगळं ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला.

"ते चिठ्ठ्या लिहितात, म्हणजे त्यांना ऐकायला तर कमी येत नाही ना?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं.

सोमवारी ताई भावोजींना दवाखान्यात घेऊन आली. बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, दार लावलं आणि बटणं दाबायला सुरुवात केली. भावोजी प्रत्येक आवाजाला बोट वर करत होते. बारीकातल्या बारीक आवाजालाही. कान पंचविशीतल्या माणसासारखे. ताई बाहेरून काचेला नाक लावून विचारत होती, "काय झालं? काय निघालं?" तिचे ओठ हलताना आतून दिसत होते, एवढंच.

तपासणी संपली तशी बाई दार उघडून आत गेल्या आणि ते त्यांनी मागे लावून घेतलं. "भावोजी, कान उत्तम आहेत तुमचे."

"तीच तर पंचाईत आहे," भावोजी म्हणाले. चोवीस दिवसांतले ते त्यांचे पहिले शब्द. मग त्यांनी खुर्चीत पाठ टेकली, पाय लांब केले आणि डोळे मिटले. "अजून दहा मिनिटं बसलं तर चालेल?"

बाहेर रांगेत तीन पेशंट होते. बाईंनी घड्याळात बघितलं, काचेपलीकडच्या ताईला हाताने "थांब" म्हणून खूण केली आणि स्वतःही स्टूल ओढून बसल्या.